वाचक विचारतात : परदेशातली बातमी, इथली लस

या खेपेच्या टपालात बरीच पत्रं लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) या एकाच विषयावरची होती. सारख्या प्रश्नांची एकत्र उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : धाकट्या मुलाचं बाळ पुढच्या आठवड्यात नऊ महिन्यांचं होईल. थोरला न्यू जर्सीत असतो. त्यानं तिकडच्या बातमीचं कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं. 'लसीमुळे स्वमग्नता होत नाही असं म्हणता येणार नाही', असं अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनंच लिहिलंय म्हणे. सूनबाई धास्तावल्यात. लस पुढे ढकलावी का? (एक आजोबा, सदाशिव पेठ)

उत्तर : ढकलू नका. कात्रण खोटं नाही, पण नेमकं बदललं काय ते पाहू. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं आपल्या संकेतस्थळावरचा मजकूर बदलला. 'लसींमुळे स्वमग्नता होत नाही' या विधानाला पुराव्याचा आधार नाही, कारण अर्भकांच्या लसींचा संबंध असण्याची शक्यता अभ्यासांनी पूर्णपणे फेटाळलेली नाही, अशा अर्थाचा नवा मजकूर तिथं आला. गंमत अशी की जुनं शीर्षक तसंच ठेवलं आणि शेजारी एक तारांकन लावलं. सिनेटच्या आरोग्य समितीच्या अध्यक्षांना दिलेल्या शब्दामुळे ते काढलेलं नाही, असा खुलासाही तळाला आहे. या बदलामागे नवा अभ्यास नव्हता. तिथल्या आरोग्य खात्याचं नेतृत्व बदललं होतं आणि त्यामागोमाग मजकूर बदलला. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीनं उपलब्ध पुरावा पुन्हा तपासून संबंध नसल्याचं सांगितलं. ती बातमी तुमच्या ग्रुपवर आली का, ते बघा.

'पूर्णपणे फेटाळलेली नाही' हा शब्दप्रयोग फसवा आहे. अमुक गोष्ट कधीच, कुठेच होत नाही असं सिद्ध करणं कुठल्याही अभ्यासाच्या आवाक्यातलं नसतं. पोहे खाल्ल्यानं स्वमग्नता होत नाही, हेही आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. लस घेतलेली आणि न घेतलेली भरपूर मुलं वर्षानुवर्षं पाहून फरक दिसतो का, एवढंच तपासता येतं. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांबाबत ते तपासलं गेलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या ६,५१७ मुलांना स्वमग्नतेचं निदान झालं होतं. लस घेतलेल्यांत प्रमाण जास्त नव्हतं. ज्यांच्या सख्ख्या भावंडांना स्वमग्नता आहे अशा मुलांतही जास्त नव्हतं.

आता पुढच्या आठवड्याचं. सरकारी वेळापत्रकात नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा, म्हणजे एमआरचा, पहिला डोस असतो : अर्धा मिली, उजव्या दंडावर, त्वचेखाली. त्याच भेटीत पोलिओचं इंजेक्शन डाव्या दंडावर, न्यूमोकोकल लसीचा बूस्टर मांडीत आणि तोंडानं अ जीवनसत्त्व १ मिली. खासगी दवाखान्यात एमआरऐवजी बहुधा एमएमआर देतात. त्यात गालगुंडाची लस जादा असते. लस पावडरीच्या रूपात येते आणि तिच्याच सोबतच्या द्रावणात विरघळवतात. विरघळवल्याची वेळ कुपीवर लिहिलेली असली पाहिजे, कारण चार तासांनंतर ती कुपी वापरायची नसते. वेळ बघायला मागायला लाजू नका. इंजेक्शननंतर अर्धा तास केंद्रातच थांबा.

या लसीचा ताप त्याच रात्री येत नाही. पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास काही बाळांना ताप येतो, अंगावर पुरळ उठतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. लसीतला दुबळा केलेला विषाणू अंगात वाढायला तेवढा वेळ घेतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर दहाव्या दिवशी घरात घबराट होते. तापात झटका आला, बाळ सुस्त पडलं किंवा पिणं थांबलं, तर मात्र लगेच दवाखाना गाठा आणि लसीची तारीख सांगा.

प्रश्न : लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा बारा मुलांचा तो मूळ अभ्यास नक्की चुकला कुठे? की मोठ्या कंपन्यांनी एका डॉक्टरला संपवलं? आमच्या वर्गात यावर दोन तट आहेत. (महाविद्यालयीन विद्यार्थी, डेक्कन)

उत्तर : लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातले डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या बारा सहकाऱ्यांचा निबंध फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आतड्यांच्या तक्रारी आणि विकासात मागे जाणं, म्हणजे शिकलेल्या गोष्टी गमावणं, असलेली बारा मुलं त्यात होती. त्यातल्या आठ मुलांच्या बाबतीत हे एमएमआरनंतर सुरू झालं, असं पालकांना (किंवा डॉक्टरांना) वाटत होतं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. लस आणि हा आजार यांचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, असं निबंधातच लिहिलेलं होतं. हे वाक्य वर्गात आधी वाचून दाखवा. पण प्रकाशनाच्या वेळच्या पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी एमएमआर थांबवून तीन लसी सुट्या द्याव्यात, असं सुचवलं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्या निबंधावरून लिहिल्या गेल्या नाहीत, या वाक्यावरून लिहिल्या गेल्या.

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. २००४ मध्ये 'संडे टाइम्स'चे ब्रायन डिअर यांनी दाखवलं की लसकंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांसाठी वेकफिल्ड आधीपासून काम करत होते. त्या कामाचे त्यांना एकूण चार लाख पौंडांहून अधिक मिळाल्याचं नंतर उघड झालं. निबंध येण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी गोवराच्या वेगळ्या लसीसाठी पेटंटचा अर्जही केला होता. तेव्हा कंपन्यांच्या पैशाचा मुद्दा काढणाऱ्या तटानं हा पैसाही मोजावा. २००४ मध्येच दहा सहलेखकांनी निष्कर्षातून अंग काढून घेतलं. ब्रिटिश वैद्यक परिषदेसमोर २००७ पासून सुनावणी चालली. फेब्रुवारी २०१० मध्ये 'लॅन्सेट'नं निबंध मागे घेतला आणि मे महिन्यात वेकफिल्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. २०११ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात डिअर यांनी रुग्णांच्या नोंदी निबंधाशी ताडून दाखवल्या. बाराही मुलं आधी नॉर्मल होती असं निबंध म्हणतो; त्यातल्या पाच जणांच्या विकासाबद्दलच्या शंका लसीच्या आधीच नोंदलेल्या होत्या. ज्या नऊ मुलांना मागे जाणारी स्वमग्नता असल्याचं लिहिलं होतं, त्यातल्या तिघांना स्वमग्नतेचं निदानच झालेलं नव्हतं.

निबंध ते माघार यात बारा वर्षं गेली. इंग्लंडमध्ये एमएमआर घेणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांचं प्रमाण ९२ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २००३-०४ मध्ये ८० टक्क्यांवर आलं. गोवर अडवायला ९५ टक्के लागतात.

प्रश्न : मी एका दैनिकात रात्रपाळीला डेस्कवर असते. अशा विषयाची एजन्सीची कॉपी साडेअकराला येते आणि पान बाराला सोडायचं असतं. दोन्ही बाजू दिल्या की आपलं काम झालं, असं शिकवलं गेलं. ते पुरेसं आहे का? (उपसंपादक, नारायण पेठ)

उत्तर : पुरेसं नाही, आणि या विषयात तर त्यानंच घात केला. ब्रिटनमध्ये बातम्यांचा खरा पूर १९९८ मध्ये आला नव्हता. तो २००१-०२ मध्ये आला. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आपल्या धाकट्या मुलाला एमएमआर दिली की नाही हे खासगी बाब म्हणून सांगायला नकार दिला, आणि विषय आरोग्य वार्ताहरांच्या हातून राजकीय वार्ताहरांकडे गेला. एक शास्त्रज्ञ आणि एक पालक शेजारी-शेजारी बसवून चर्चा सुरू झाल्या. कार्डिफ विद्यापीठाच्या पाहणीत, बातम्यांचा जोर असताना, ५३ टक्के लोकांनी असं मानल्याचं दिसलं की माध्यमं दोन्ही बाजूंना सारखी जागा देताहेत त्याअर्थी पुरावाही सारखाच असणार. एकेक बातमी तपासली तर त्यात खोटं वाक्य सापडलंही नसतं. चूक मापाची होती.

तुमच्या अर्ध्या तासात काय होऊ शकतं ते पाहू. पहिली पाच मिनिटं मूळ निबंध शोधायला द्या. एजन्सीच्या कॉपीत नियतकालिकाचं नाव असतं. ते आणि पहिल्या लेखकाचं आडनाव 'पबमेड' या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत टाका. निबंध मागे घेतलेला असेल तर तसा शिक्का वरच दिसतो. सापडलाच नाही तर बातमी निबंधाची नसून कुणाच्या तरी भाषणाची आहे, आणि मग इंट्रोत तसंच म्हणा. सापडला तर गोषवाऱ्यातून चार गोष्टी उचला : मुलं किती, तुलनेचा गट होता का, लेखकांनी स्वतः निष्कर्ष काय काढला, पैसा कुणाचा. बारा मुलं आणि साडेसहा लाख मुलं ही कॉपीत एकाच वजनानं येता कामा नयेत. आकडा पहिल्या तीन परिच्छेदांत आला पाहिजे, कारण रात्री पान कापताना शेपूटच जातं आणि खुलासा नेमका शेपटात असतो.

मग भाषांतर. इंग्रजीतल्या 'लिंक्ड' या शब्दाचा मराठी डेस्कवर सर्रास 'कारणीभूत' होतो. दोन गोष्टी एकत्र आढळणं वेगळं आणि एकीमुळे दुसरी होणं वेगळं. पहिल्यासाठी 'एकत्र आढळलं' इतकं साधं लिहा. 'दावा' हा शब्द तर आपण दोन्हीकडे सारखाच वाटतो. 'लस सुरक्षित असल्याचा शास्त्रज्ञांचा दावा' आणि 'लसीमुळे स्वमग्नता झाल्याचा नेत्याचा दावा' अशा दोन ओळी शेजारी छापल्या की वाचकाला दोन्हींचं वजन सारखंच वाटणार. जिथं मोजून पाहिलंय तिथं 'अभ्यासात आढळलं' लिहा आणि 'दावा' हा शब्द ज्याच्यामागे मोजणी नाही त्याच्यासाठी राखून ठेवा. प्रश्नचिन्हाचं शीर्षक टाळा. 'लसीमुळे स्वमग्नता?' हे वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रश्नचिन्ह राहत नाही, पहिले दोन शब्द राहतात. 'लसीवरील अमेरिकी मजकूर बदलला. नवा पुरावा नाही' हे तितक्याच जागेत बसतं.

मागणी आणि निकाल यांतही गल्लत होते. जुलै २०२५ मध्ये डेन्मार्कचाच एक अभ्यास आला. लसींतल्या ॲल्युमिनियमचा आणि स्वमग्नतेसह पन्नास दीर्घकालीन विकारांचा संबंध सुमारे १२ लाख मुलांत तपासला, तो आढळला नाही. अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी निबंध मागे घेण्याची मागणी केली. नियतकालिकानं ती नाकारली. मागणीची बातमी लावली असेल तर नकाराचीही लावा, त्याच पानावर.

इथल्या वाचकासाठी एक वाक्य पदरचं घाला : आपल्या सरकारी कार्यक्रमातली लस एमआर आहे, वेकफिल्ड यांचा आक्षेप होता ती तिहेरी एमएमआर नव्हे. आणि फोटो! भेदरलेलं रडणारं बाळ आणि त्याच्या दंडाएवढी सिरिंज हा लायब्ररीतला फोटो आता निवृत्त करावा. एमआरची सिरिंज अर्ध्या मिलीची असते.

हे सगळं स्थानिक पानालाही लागू आहे. वेल्समधल्या स्वान्सी भागात एका सायंदैनिकानं १९९७ मध्ये एमएमआरविरोधात मोहीम चालवली. त्याच्या खपाच्या टापूत लस घेण्याचं प्रमाण १३.६ टक्क्यांनी घसरल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. उरलेल्या वेल्समध्ये घसरण २.४ टक्के होती. त्याच भागात २०१२-१३ मध्ये गोवराची साथ आली, बाराशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि एक तरुण दगावला.

प्रश्न : काहीच गैर नव्हतं तर जपाननं एमएमआर बंद का केली? (वाचक, पिंपरी)

उत्तर : गैर होतं, पण वेगळं. तिथल्या लसीत गालगुंडाच्या विषाणूचा 'उराबे' नावाचा वाण होता आणि त्यामुळे काही मुलांच्या मेंदूच्या आवरणाला सूज येत होती. १९८९ मध्ये सुरू झालेली लस १९९३ मध्ये थांबवली. स्वमग्नतेचा त्यात विषय नव्हता. उलट योकोहामात नंतर पाहिलं तेव्हा एमएमआर बंद झाल्यावर जन्मलेल्या मुलांतही स्वमग्नतेचं निदान वाढतच गेलेलं दिसलं. जपाननं लस बंद केल्याची बातमी फॉरवर्ड करणाऱ्यांना हे उत्तरही पाठवा.

प्रश्न : लसीत पारा असतो हे तरी खरं ना? आणि अमेरिकेत स्वमग्नता इतकी वाढली ती कशामुळे? (गृहिणी, हडपसर)

उत्तर : काही लसींत असतो. अनेक डोसांच्या कुपीत सुई पुन्हा पुन्हा जाते, म्हणून जंतू वाढू नयेत यासाठी थायोमर्सल हे पारा असलेलं रसायन घालतात. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या अशा कुपीत त्याचं प्रमाण ०.००५ टक्के, म्हणजे अर्ध्या मिलीच्या डोसात २५ मायक्रोग्रॅम. त्यात पारा निम्मा, साडेबारा. हा इथिल पारा आहे. तो रक्तातून निम्मा व्हायला आठवड्याहून कमी वेळ लागतो. माशांतून येणाऱ्या मिथिल पाऱ्याला सुमारे दीड महिना लागतो, आणि भीती मुळात त्याची होती. एमआरमध्ये थायोमर्सल अजिबात नसतं. ती जिवंत विषाणूची लस, थायोमर्सल घातलं तर लसच मरेल.

अमेरिकेनं २००१ पर्यंत लहान मुलांच्या नेहमीच्या लसींतून ते काढलं. बहुडोस कुपीतली फ्लूची लस तेवढी अपवाद होती. त्यानंतरही निदानं वाढली : आठ वर्षांच्या मुलांत २००० साली १५० मध्ये एक, २०२२ साली ३१ मध्ये एक. निदानाच्या व्याख्या १९९४ आणि २०१३ मध्ये बदलल्या, सौम्य लक्षणांची मुलं त्यात आली, सरसकट तपासणी सुरू झाली, आणि निदान असेल तर शाळेत मदत मिळते म्हणून पालकही पुढे आले. पूर्वी याच मुलांना 'मंद' किंवा 'हट्टी' म्हणून सोडून दिलं जाई, आपल्याकडेही.

'पारा उतरवण्याची' चिलेशन नावाची औषधं कुणी सुचवली तर साफ नकार द्या. अमेरिकेत २००५ मध्ये या उपचारात पाच वर्षांचा मुलगा रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून दगावला.

प्रश्न : पत्नीला पाचवा महिना आहे. पॅरासिटामॉलनं स्वमग्नता होते ही बातमी ऐकून ती ताप अंगावर काढतेय. थोरलीला लसीनंतर तेच औषध देतो. (वाचक, वारजे)

उत्तर : ताप अंगावर काढणं चुकीचं आहे, गरोदरपणातला जोराचा ताप स्वतःच बाळाला धोक्याचा असू शकतो. तुम्ही ऐकलेली बातमी सप्टेंबर २०२५ मधल्या अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्रकार परिषदेची आहे. तिकडचं टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये आला होता. नुसती सरसकट तुलना केली तर किंचित फरक दिसत होता. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केल्यावर, म्हणजे एका खेपेला औषध घेतलं आणि दुसऱ्या खेपेला नाही, तो फरक उरला नाही. डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढं आणि लागेल तितकेच दिवस घ्या.

थोरलीच्या बाबतीत खरा धोका मोजमापाचा आहे. डोस वजनावर ठरतो, किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम. हे एका मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांत १.२ मिली भरतं, '१२० बाय ५' (म्हणजे ५ मिलीत १२० मिलिग्रॅम) सिरपमध्ये ५ मिली आणि '२५० बाय ५' मध्ये २.४ मिली. थेंबांची बाटली संपली म्हणून सिरप आणलं आणि मात्रा तीच ठेवली, की औषध कमी पडतं. उलट झालं तर चौपट जातं. बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारून घ्या. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर ठेवा, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नको. लस देण्याआधीच ते पाजून ठेवायचं कारण नाही.

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा असताना बूस्टर दिलं आणि त्यानंतर महिनाभरात तो बोलेनासा झाला. अभ्यास काहीही म्हणोत, मी डोळ्यांनी पाहिलंय. आता तो दोन वर्षांचा आहे. (एक आई, सिंहगड रस्ता)

उत्तर : तुम्ही पाहिलं ते खोटं नाही; त्याचं बोलणं त्याच सुमारास थांबलं असणार. स्वमग्नतेत काही मुलं आलेले शब्द साधारण पंधरा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गमावतात, आणि बूस्टरची वेळ सोळा ते चोवीस महिने आहे. लाखो मुलांना लस या वयात मिळते; त्यातली ज्यांची वाचा याच वयात थांबणार होती, त्यांच्यात लस आधी आणि गप्प होणं नंतर असं घडणारच. लस न घेतलेल्या मुलांचे शब्दही याच वयात जातात. जुने व्हिडिओ काढून पाहा, पहिल्या वाढदिवसाचे. हाक मारल्यावर तो वळतो का, बोटानं 'ते बघ' दाखवतो का, दाखवून तुमच्या तोंडाकडे पाहतो का. तारखेनुसार लावून ते डॉक्टरांकडे न्या, निदानाला फार उपयोग होतो.

आता वेळ लसीच्या वादात घालवू नका. आधी श्रवणचाचणी : बेरा नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना होते. मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ. ते वीस प्रश्नांची एम-चॅट ही चाळणी लावतात. ती सोळा ते तीस महिन्यांसाठीच असते, म्हणजे तुमच्या हातात सहा महिने आहेत. दोनपर्यंत गुण आले तर काळजी कमी, तीन ते सातला पुन्हा मुलाखत, आठ किंवा जास्त आले तर थेट सविस्तर तपासणी. चाळणी म्हणजे निदान नव्हे. पण वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी निदानाचा कागद येईपर्यंत थांबत नाहीत. शंका आली की सुरू करतात. खासगी खर्च झेपत नसेल तर अंगणवाडी किंवा आशा सेविकेमार्फत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नोंद करा. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. पुढे निदान पक्कं झालं तर 'इसा' या स्वमग्नतेच्या मापनपट्टीवर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र निघतं, आणि नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्यविमा योजनाही लागू होते, वर्षाला एक लाखापर्यंत.

त्याच्या लसींचं कार्ड सोबत ठेवा. भीतीनं एमआरचा दुसरा डोस राहिला असेल तर तो पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात देता येतो. नव्यानं सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढाच घ्यायचा. इंजेक्शनच्या वेळी त्याला गोंगाट आणि अनोळखी हात सोसत नसतील तर नर्सला आधी सांगा आणि सत्र संपत आल्यावर, गर्दी ओसरल्यावर जा. मात्र कुपी उघडलेली मिळेल इतकं लवकर. शेवटच्या एका मुलासाठी पाच डोसांची नवी कुपी फोडायला कर्मचारी कधीकधी का-कू करतात.